मीठा सोडा

मीठा सोडा म्हणजे मीठ आणि सोडा, असा अर्थ लावून मी बायकोच्या ओव्हनला आतून खडेमीठ चोळलं. कैरीच्या फोडींना चोळतात तसं, अगदी जीव लावून.

आता कोणी विचारेल, अख्खा जन्म भाईंदरात गेला आणि तुला हिंदीतला ‘मीठा’ कळत नाही? कळतो. मिठाईच्या दुकानात तर फारच पटकन कळतो. पण त्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या बेन आमच्या दारात उभ्या होत्या, माझा एक कान टीव्हीवरच्या मॅचकडे होता, आणि उरलेल्या कानात त्यांचं गुजराती वळणाचं हिंदी पडत होतं. “भाई, मीठा सोडा लगाओ ने! पानी में घोल के अंदर से चोपड दो, रात भर रहने दो, सवारे पोंछ डालो. एकदम नया!”

सवारे म्हणजे सकाळी, हे मला कळलं. तिथेच मी स्वतःवर खूश झालो आणि पुढचा विचार थांबवला. सोड्याला गोड कोण म्हणेल? बाटलीतला असता तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा मीठ आणि सोडा ही जोडी पटण्यासारखी होती. आई तांब्याचा हंडा मीठ-चिंचेनेच तर घासायची. शिवाय मीठ म्हटलं की आमच्या घराण्याचे कान उभे राहतात. आजोबा मिठागरात राबले, वडील राबले. मी एक पाटीसुद्धा उचललेली नाही, पण पूर्वजांच्या जोरावर मिठाबद्दल मत द्यायला कायम तयार असतो. बेननी मीठ सांगितलं म्हटल्यावर मला वाटलं, हे तर घरचंच काम.

बायको दोन दिवस वसईला बहिणीकडे गेली होती. मैदान मोकळं होतं. लोणच्यासाठी ठेवलेलं खडेमीठ काढलं, भजीसाठी आणलेल्या खाण्याच्या सोड्याची पुडी त्यात रिकामी केली, पाणी घालून लगदा केला आणि तारेच्या घासणीने ओव्हनच्या आत, वर, खाली, दाराच्या काचेवर असा घासला की काय सांगू. कराकरा आवाज येत होता. मला वाटलं, मळ निघतोय.

मी नोकरी करतो ती भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, माल रवाना करण्याच्या विभागात. आयुष्यभर चकचकीत भांडी खोक्यांत भरली, घासलं एकही नाही. तरी त्या क्षणी या विषयातला आपल्याइतका अनुभवी माणूस दुसरा नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

आवाज ऐकून आई काठी टेकत स्वयंपाकघरात आली. आईचे गुडघे गेलेत, दात गेलेत. जीभ शाबूत आहे.

“काय करतंस रं?”

“ओव्हन साफ करतोय.”

तिने वाकून आत बघितलं. बोटाने लगदा उचलला, जिभेवर ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेतून नापास होऊन आलोय.

“मीठ लावलंस? मंग सुकत कवा घालणार? गच्चीवर का खाडीवर?”

“आई, नुसतं मीठ नाही. सोडापण आहे त्यात.”

“सोडापन हाय? मंग पापडच लाट.”

सकाळी उठून बघतो तर ओव्हनला घाम फुटलेला. भाईंदरच्या हवेत मीठ कोरडं राहत नाही हे मिठागरवाल्याच्या नातवाला माहीत असायला हवं होतं. पाणी सुटून ओट्यावरून ओघळ खाली लादीवर आला होता. आतला काळा थर होता तिथेच होता, फक्त आता खारट झाला होता. आणि दाराची काच! खडेमिठात बारीक रेती असतेच; वर तारेची घासणी. काचेवर असे ओरखडे उठले होते की पलीकडे मांजर आहे की केक, सांगता येणार नाही.

हा उद्योग मी मुळात आरंभला का, ते सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, माणसाला सुट्टी पचत नाही.

तो ओव्हन बायकोचा. घरातल्या बाकी सगळ्या वस्तू आमच्या दोघांच्या, तो एकटा तिचा. त्यात ती नानखटाई करायची. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्या प्रांतांची, सगळ्या देवांची माणसं आहेत, एकमेकांच्या घरचं सगळं खातीलच असं नाही. पण तिची नानखटाई सगळ्या मजल्यांवर जायची. तिची पद्धत मला कधीच समजली नाही. घड्याळ लावायची नाही. ट्रे आत सरकवून हॉलमध्ये येऊन वाटाणे सोलत बसायची, मालिका बघायची, आणि मध्येच उठून जायची. “झाली,” म्हणायची. झालेली असायची. मी एकदा विचारलं, तुला कसं कळतं? तर म्हणाली, “वास बदलतो ना.” मी खूप हुंगून बघितलं. मला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वास यायचा, भूक लागल्याचा.

मग ती साथ आली, सगळ्या जगात आली तशी आमच्याकडेही आली. आम्ही तिघंही तापलो, तिघंही बरे झालो. बायकोचं नाक मात्र मागे राहिलं. पोळी तव्यावर करपतेय आणि ही शेजारी उभी राहून माझ्याशी बोलतेय, असं व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले, येईल परत. ते आलंही, पण वाकडं आलं. उदबत्तीला डिझेलचा वास. कोथिंबिरीला साबणाचा. ती याबद्दल कोणाशी बोलली नाही. आमच्याशीसुद्धा एकदा दोनदाच. जेवण चवीला पूर्वीसारखंच व्हायचं. हाताला सवय होती, अंदाज पाठ होता. ओव्हनपाशी मात्र अंदाज चालत नाही.

आईच्या पंचाहत्तरीला तिने केक केला. नातेवाईक, शेजारी सगळे जमले होते. पहिला घास आईला. आई बिनदाताच्या तोंडात तो घास घोळवत राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “करपलाय गो.”

तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. आई पावसाला पाऊस म्हणते, करपलेल्याला करपलेलं. पण मी बायकोकडे बघत होतो. ती हसली, सुरी पुसली, बाकीच्यांना खालचा थर काढून टाकून केक वाढला. तिला करपल्याचं खरंच कळलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने जुन्या चादरीचा अभ्रा शिवला आणि ओव्हनला घातला. बैलाला झूल घालावी तसा. पुन्हा काढला नाही.

कोणी नानखटाईबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं. “ओव्हन घाण झालाय हो. जमेल तेव्हा साफ करते.”

गंमत म्हणजे तेव्हा तो घाण नव्हता. पण अभ्र्याखाली एक रिकामा ओव्हन आहे म्हटल्यावर आम्ही बाकीचे गप्प बसणार थोडेच. मी त्यात पापड भाजले. मग भरताचं वांगं ठेवलं, ते टोचायचं विसरलो, ते आत फुटलं. आईने एक दिवस मला पुढे घालून त्यात सुके बोंबील भाजून घेतले. असं करत करत बायकोचं निमित्त आम्ही दोघांनी मिळून खरं करून दाखवलं.

आणि आता सोसायटीचा आनंदमेळा आला होता. बायकांनी टेबलं मांडायची, घरचे पदार्थ ठेवायचे. टेबलं कोणाकोणाला द्यायची ते बेनकडे होतं. त्या आठवडाभर आमच्या दारात येत होत्या. “भाभी, नानखटाई तो आपको ही करनी है. दूसरा कोई नहीं.” आणि बायको रोज तेच म्हणत होती, “ओव्हन गंदा है, बेन. साफ करने को टाइम ही नहीं मिलता.” शेवटी बेननी रविवारपर्यंतची मुदत दिली. रविवारी नाही म्हणाली तर ते टेबल पाणीपुरीला.

बायको वसईला गेली त्याच संध्याकाळी बेन दारात येऊन मला तो मीठा सोड्याचा मंत्र देऊन गेल्या.

मला वाटलं होतं, नाक आपल्या हातात नाही. ओव्हन तरी आहे. तो स्वच्छ झाला तर तिच्याकडे निमित्त उरणार नाही. मग ती एकतर हो म्हणेल, नाहीतर खरं काय ते म्हणेल. दोन्ही मला हवं होतं. त्यातलं पहिलं थोडं जास्त, कारण नानखटाई मलाही आवडते.

तर त्या घाम फुटलेल्या ओव्हनसमोर मी फडकं घेऊन बसलो होतो आणि दार उघडं होतं. बेन दूध घेऊन वर येत होत्या. त्यांनी डोकावून बघितलं.

“अरे भाई, ये क्या डाला?”

“आपने बोला था ना. मीठ, सोडा.”

बेननी दुधाची पिशवी जमिनीवर ठेवली. हसायला दोन्ही हात लागणार होते. “मीठ नहीं भाई, मीठा! मीठा सोडा! स्वीट!”

“पण सोडा स्वीट कुठे असतो?”

“खाने का होता है ने, इसलिए मीठा. कपडे धोने का होता है वो खारा. अपने यहाँ ऐसा ही बोलते हैं.” मग आत वळून त्यांनी आईला हाक मारली, “बा, आपके बेटे ने तो ओव्हन का अचार डाल दिया!”

आईला हिंदी कळतं तेवढं कळलं. “मी कालच बोलली त्याला,” ती आतून म्हणाली. “ऐकतंय कोन.”

बेन गेल्यावर मी नया नगरमधल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. मिक्सर, ओव्हन असलं सगळं तो बघतो. दाराची काच मिळेल का, विचारलं. त्याने मॉडेल विचारलं. मी मागे वाकून वाचून दाखवलं.

“अंकल, ये अब दुकान में नहीं मिलेगा. म्यूझियम में पूछो.”

म्हणजे काच गेली ती गेली. आता निदान आतून तरी स्वच्छ दिसू दे, म्हणून मी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेलो. वाणी मारवाडी. मी या वेळी तयारीने गेलो होतो. छाती काढून म्हणालो, “एक मीठा सोडा देना.”

त्याने चष्म्यावरून बघितलं. “काका, मराठीत बोला ना. खायचा सोडा पाहिजे का?”

खायचा सोडा घेऊन मी खाली मान घालून घरी आलो.

दुसऱ्यांदा मात्र घाई केली नाही. मोबाईलवर एक बाई हे सगळं करून दाखवत होत्या. साफ करण्याआधी त्यांचा ओव्हन जितका स्वच्छ होता तितका आमचा विकत आणला तेव्हाही नव्हता, पण पद्धत सोपी होती. प्लग काढायचा. जाळ्या आणि ट्रे बाहेर काढून साबणाच्या गरम पाण्यात बुडवायचे. सोड्यात थोडंसंच पाणी घालून श्रीखंडाइतकं घट्ट कालवायचं आणि आतून हाताने लावायचं. तापणाऱ्या सळयांना अजिबात नाही. आणि मग, सगळ्यात अवघड भाग, रात्रभर त्याला हात लावायचा नाही. हा भाग मला मनापासून जमला.

सकाळी तो पांढरा लेप तपकिरी झाला होता, काकवीसारखा. मळ सोड्यात उतरला होता. मी ओल्या फडक्याने पुसायला लागलो तर थर सुटून यायला लागला. फुटलेल्या वांग्याच्या साली, पापडाचा चुरा, बोंबलाचं काहीतरी. जुने बनियन संपले, मग जरा बरे बनियन काढले. कोपऱ्यांत चिकटून बसलेल्या डागांवर व्हिनेगर फवारलं. सोड्यावर व्हिनेगर पडल्याबरोबर फस्सकन फेस आला.

आई खुर्ची ओढून शेजारीच बसली होती. “परत मार,” ती म्हणाली.

“डाग गेला तिथला.”

“मार रं. बघाला बरा वाटतंय.”

मी मारलं. आम्ही दोघं तो फेस बघत बसलो. जत्रेत बसावं तसे.

आतून पत्रा दिसायला लागला. चमकला वगैरे नाही. पण त्याचा मूळचा राखाडी रंग दिसला, आणि तो बघून मला जे वाटलं ते कारखान्यात हजारो चकचकीत डबे बघून कधी वाटलं नव्हतं. काच मात्र तशीच, धुक्यातली. तिच्याकडे मी बघायचं टाळत होतो.

आई नाक पुढे करून म्हणाली, “बोंबलाचा वास हाय अजून.” तिला आला की तिला फक्त आठवला, देव जाणे. मोबाईलवरच्या बाईंचा त्यावरही उपाय होता. एका भांड्यात पाणी घ्यायचं, दोन लिंबं कापून, पिळून, सालांसकट त्यात टाकायची, आणि ओव्हन तापवून वाफ होऊ द्यायची. मग बंद करून पुसायचं. मी आमच्याच कारखान्यातली एक पसरट स्टीलची वाटी घेतली. प्लग लावला, बटण फिरवलं, आणि दमलो म्हणून चहा घेऊन आईसोबत हॉलमध्ये येऊन बसलो. मॅच लागली होती.

पुढे काय झालं ते उघड आहे. मॅच चांगली चालली होती.

दाराचं कुलूप वाजलं. बायको वसईहून आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बहिणीने दिलेल्या केळ्यांची पिशवी. मी उठून पिशवी घेणार, तेवढ्यात ती दारातच थबकली. मान किंचित वर केली.

“लिंबाची साल करपतेय,” ती म्हणाली.

“कुठे?” मी म्हणालो.

“कुठे काय? घरात! आटलंय पाणी. काय ठेवलंय तुम्ही?”

पिशवी तिथेच टाकून ती आत गेली. चपला घालून गेली. आमच्या घरात स्वयंपाकघरात चपला घालून देव आला तरी त्याला ती बाहेर काढेल. मी तिच्या मागे धावलो. तिने बटण बंद केलं, फडक्याने दार उघडलं. वाटीतलं पाणी सगळं आटलं होतं. साली वाटीला टेकल्या होत्या आणि एका सालीची कड, फक्त कड, तपकिरी व्हायला लागली होती. धूर नव्हता. करपली नव्हती, करपायच्या वाटेवर होती.

मी जोरात श्वास घेतला. मला लिंबाचा वास आला. बस, लिंबाचा. हॉलमधून आईचा आवाज आला, “मना तर काय वास न्हाय आला. हिला दारात कसा आला?”

बायको फडकं हातात धरून उभी होती. मग ती वाकली आणि त्या उघड्या ओव्हनच्या तोंडाशी चेहरा नेऊन हळूहळू श्वास घेतला. एकदा. पुन्हा. गरम वाफेने तिचा चष्मा पांढरा झाला, तो तिने पुसला नाही.

“आधी गोडसर येतो,” ती स्वतःशीच म्हणाली. “मग साल कडू पडते. मग जळते. कडू पडली तेव्हा मी दारात होते.”

मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. मी म्हणालो, “ओव्हन साफ केलाय.”

तिने चष्मा काढून पदराला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि आत नीट बघितलं. पत्रा बघितला, कोपरे बघितले, बोट फिरवून बघितलं. मग तिने दार लावलं आणि काच बघितली.

“हे काय झालं?”

“मीठ,” मी म्हणालो.

“मीठ?”

“मीठा.”

मग सगळं सांगावंच लागलं. बेन, मॅच, खडेमीठ, घासणी, पापड लाट म्हणणारी आई, म्यूझियम. ती ऐकत होती आणि तिचे खांदे हलायला लागले. शेवटी तिला हसणं आवरेना, आईने सकाळी ओढून आणलेल्या खुर्चीवर ती बसली. “लोणच्याचं मीठ!” ती मध्येच म्हणायची आणि पुन्हा हसायची. “सगळं संपवलंत?”

“काच मिळत नाही आता त्याची,” मी म्हणालो. “आतलं काही दिसणार नाही तुला.”

“मी कधी काचेतून बघितलंय?” ती म्हणाली आणि हे म्हणताना तिचं हसू जरा थांबलं.

मी चहा टाकायला लागलो. पाठमोरा होतो, पण स्टीलच्या भांड्यात मागचं सगळं दिसतं, हा या धंद्याचा एक फायदा. ती उठली. तिने मसाल्यांचं कपाट उघडलं आणि एकेक बरणी काढून नाकाशी धरायला लागली. वेलची. जायफळ. बडीशेप. प्रत्येक बरणीपाशी थांबायची, झाकण लावायची, पुढची घ्यायची. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. वेलचीची बरणी तिने परत एकदा उघडली आणि ती ओट्यावर वेगळी ठेवली. तुपाच्या डब्यापाशी बराच वेळ गेला. मग तिने कॉफीची बाटली उघडली आणि लगेच बंद केली, तोंड वाकडं करून.

मी चहात साखर घालायची विसरलो, हे नंतर कळलं.

तेवढ्यात बेल वाजली. बेन होत्या. बायको आल्याचं त्यांना जिन्यावरच्या बॅगेच्या आवाजाने कळलं असणार. “भाभी, आज रविवार है ने. क्या लिखूँ?” आणि मग डोकं आत घालून, “बहुत मेहनत किया है भाई ने. एक बार गलत, एक बार सही.”

आता बायकोपाशी ओव्हनचं निमित्त नव्हतं. मी गॅससमोर उभा राहून चहाकडे बघत होतो आणि कान मागे लावून होतो. आईने हॉलमध्ये टीव्हीचा आवाज बंद केला होता.

बायको म्हणाली, “बेन, ओव्हन का बात नहीं था. मेरा नाक अभी तक ठीक से नहीं आया. वो बीमारी के बाद से. मेरे को जला हुआ समझता नहीं था.”

इतक्या वर्षांत हे वाक्य तिने घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदा सांगितलं.

बेन अजिबात दचकल्या नाहीत. “मालूम है भाभी,” त्या म्हणाल्या. “बा का बर्थडे में हम सब थे ने. आप ओव्हन बोलते थे, तो हम भी ओव्हन बोलते थे. नाक को क्यों बीच में लाने का?”

बायकोने दार आणखी उघडलं. मग म्हणाली, “बैठो ना बेन, चाय पीके जाओ.”

“नहीं नहीं, अभी पाणीपुरीवाली इंतज़ार करती है. थोडा टाइम लो, सोचो. मैं फिर आती हूँ.” आणि त्या जिना उतरून गेल्या. त्यांना विचारायला आणखी कोणाकोणाकडे जायचं होतं, की आम्हाला घरात एकटं सोडायचं होतं, मला माहीत नाही.

आई काठी टेकत स्वयंपाकघराच्या दाराशी आली. ती थेट बोलणारी बाई, पण या वेळी जरा वळसा घालून आली. “मना आता चाववत न्हाय काय,” ती म्हणाली. “भाकर न्हाय, चकली न्हाय. खटाई जिभंवर आपोआप इरघळते. करपली तरी खाईन मी. बोलणार न्हाय.”

“तुम्ही बोलणार नाही?” बायको म्हणाली. “मग कळायचं कसं मला?”

आई विचारात पडली. “मंग बोलीन,” ती म्हणाली आणि परत आपल्या खुर्चीकडे गेली.

मी चहाचे कप ओट्यावर ठेवले. बायकोने एक घोट घेतला, साखर नाही हे तिने सांगितलं, मी घातली. ओव्हनचं दार तिने पुन्हा उघडून ठेवलं होतं, तो गार होत होता. वाटीतल्या लिंबाच्या साली तिने टाकल्या नव्हत्या.

“कॉफीला अजून जळक्या रबराचा वास येतोय,” ती हळूच म्हणाली.

“येईल गं,” मी म्हणालो. “डॉक्टर म्हणाले होते ना, एकेक करून येतात.”

तिने वेगळी ठेवलेली वेलचीची बरणी उचलली, चार वेलच्या हातावर काढल्या, सोलायला लागली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “येईल तेव्हा येईल. नानखटाईत कॉफी कोण घालतं?”